पाठकोरे कागद

"आई, आच मोठी कर. बारीक आचेवर वडे तेल पितात," ऋचा सहज बोलून गेली.

कुसुमताईंचा झारा कढईतच थबकला. संकष्टीचे साबुदाण्याचे वडे होते. यज्ञेश्वरराव, ऋचाचे अण्णा, गेल्यानंतरची ही चौथी संकष्टी.

"पितात म्हणजे? मी तर मुद्दाम बारीक ठेवते. ह्यांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हापासून. वडा काही हे सोडणार नव्हते. म्हटलं, निदान तेल तरी फार कडकडीत नको."

"उलट असतं गं. तेल चांगलं तापलेलं असलं की वरचं आवरण पटकन धरतं, मग आत तेल कमी शिरतं."

ऋचाचं कामच ते. वाघोलीच्या पुढे निघालेल्या नव्या वेफर्सच्या कारखान्यात ती प्रयोगशाळेत होती. बटाट्याची चकती किती तेल पिते ते मोजायचं आणि कमी कसं पिईल ते शोधायचं, ह्याचाच तिला पगार मिळे. आईचा चेहरा पाहिला आणि तिने जीभ चावली.

"अगं, एवढ्याशा तेलाने काही होत नसतं," ती घाईने म्हणाली.

"हेही तुमच्या लॅबमध्ये मोजलंत वाटतं?"

अँजिओप्लास्टीनंतरची दोन वर्षं दर संकष्टीला ऋचाने अण्णांच्या शेजारी बसून हेच वडे खाल्ले होते. बोटं तेलाने माखायची. "आईने पथ्याचे केलेत," म्हणत अण्णा तिसरा वडा उचलायचे, आणि तीही हसायची. चार पावलांवरच्या स्वयंपाकघरात मात्र ती एकदाही डोकावली नाही. दमून यायची, आयतं ताट हवं असायचं. आता तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

कुसुमताईंनी गॅस मोठा केला. आधीचा घाणा ताटात कागदावर निथळत होता. कारखान्यातले पाठकोरे कागद ऋचानेच आणून दिलेले. अण्णांच्या दुखण्याआधी आणलेला गठ्ठा अजून पुरत होता, आणि आई नेहमी कोरी बाजू वर करून कागद घाली.

कुसुमताईंनी एकेक वडा बाजूला काढला. तेलाने कागद आरपार झाला होता. त्यांनी तो उलटा केला. तापमानाचे आकडे, त्यांच्यापुढे तेलाचे आकडे, आणि तळाशी ऋचाची सही.

त्यांनी कागद लेकीपुढे धरला.

"माझा चष्मा बाहेर राहिलाय. तारीख कुठली आहे, वाच."