तो बघा, डावीकडे!

डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या बोटीवर गाईड म्हणून लागून त्याला आठ महिने झाले होते आणि अजून एकही डॉल्फिन दिसला नव्हता. मालकाने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, "दर दहा मिनिटांनी हात लांब करायचा आणि ओरडायचं, 'तो बघा, डावीकडे!' पुढचं लोक बघून घेतात." लोक खरंच बघून घेत. कुणाला एक दिसे, कुणाला पिल्लासकट जोडी. एका काकांकडे बघून तर डॉल्फिन हसलाही होता.

आपल्यालाच दिसत नाही म्हणून घाबरून तो डोळे तपासून आला. डोळे ठणठणीत निघाले. वर डॉक्टर म्हणाले, "मागच्या महिन्यात तुमच्याच बोटीत होतो की! तीन दिसले."

शेवटी त्याने आईला बोटीत बसवलं. आई कुणाची भीडभाड ठेवणारी नव्हती. ती 'नाही' म्हणाली की ही नोकरी सोडायची, असं त्याने ठरवलं. तो ओरडला. आईने टाळ्या वाजवल्या. "पाहिला! केवढा तो!"

परतताना त्याने तिला कोपऱ्यात गाठलं. "आई, माझी शपथ. खरंच दिसला?"

"छे रे. पण तू एवढा जीव तोडून ओरडतोस, नाही कसं म्हणायचं?"

हसावं की रडावं, त्याला कळेना. तेवढ्यात तिच्या पाठीमागे, हातभर अंतरावर, एक करडी चकचकीत पाठ पाण्यातून वर आली आणि फुस्सकन श्वास सोडून तिथेच तरंगत राहिली.

"आई! तो बघ! तुझ्या मागे!"

"पाहिला रे राजा, पाहिला," आई चष्मा पुसत म्हणाली.