मशीनची मालकीण

"या मशीनवर संस्थानच्या हत्तीचा लेंगा शिवलाय, समजलीस?" तुळाजीअप्पा मांजरीला सांगत होते. घरात ऐकायला दुसरं होतं कोण? भंगारातून सोडवून आणलेलं ते शिलाई मशीन पुसताना चाकाच्या खोबणीत जुनं कुंकू सापडलं. कुणीतरी वर्षानुवर्षं याची पूजा केली होती!

मोराच्या चित्राचं मशीन कुणाचं, असं मिरजेतल्या म्हाताऱ्या शिंप्यांना विचारत विचारत अप्पा गोदाक्कांच्या दारी पोचले.

"मीच दिलं भंगारात," त्या म्हणाल्या. "शिवू कुणासाठी? घरात उरलंय कोण?"

"मग कुंकू लावायला तरी माझ्याकडे या की, अक्का. चहा ठेवतो."

गोदाक्का हसल्या. "येईन. खंडेनवमीला नक्की येते."

अप्पा तरंगतच निघाले. गल्लीच्या टोकाला पाय थबकले. खंडेनवमी गेल्याच आठवड्यात होऊन गेली होती.