अशील हवा

वकिलांच्या खोलीत बातमी आली. छतावरच्या सौर पॅनेलची वीज शेजाऱ्याला दिली, तर यापुढे दंड.

"हा नियम कोर्टात टिकायचा नाही," सगळेच म्हणाले.

"पण दंड झालेला अशील हवा ना," ज्येष्ठ वकील म्हणाले. "वीज कंपनीशी वैर कोण घेणार?"

त्यांच्यातल्याच एक वकीलबाई अर्धा चहा तसाच ठेवून उठल्या.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात त्यांनी आपल्या छतावरून शेजारच्या शिंपीकाकांकडे वायर ओढून नेली. मशीन खडखडायला लागलं, तसा त्यांनी कंपनीला फोन लावला.

"तक्रार आहे. एक बाई शेजाऱ्याला राजरोस वीज देतेय."

"बाईंचं नाव?"

त्यांनी स्वतःचं नाव पत्त्यासकट सांगितलं. "आणि दंडाची नोटीस जरा लवकर पाठवा. खोळंबलेय मी."