उसनी भीती

"मॅडम, रोज तेच भूत बघून तुम्हाला खरंच भीती वाटते का?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून केतकी रंगपटात घुसली होती. नायिकेचं काम करणाऱ्या विदुला काळसेकर भुवया रंगवता रंगवता हसल्या. "छे गं! माझी भीती कधीच संपली. म्हणून तर रोज एका प्रेक्षकाची उसनी घेते. आज तुझी देतेस? नाटक संपलं की परत."

केतकीने लगेच कपाळावर भीती ओढून घेणारी पट्टी बांधून घेतली; मग तीच बाईंनी स्वतःच्या केसांखाली बांधली. तिसऱ्या घंटेला ती आईबाबांच्या मध्ये येऊन बसली, तेव्हा तिला एकदम हलकं वाटत होतं.

दुसऱ्या अंकात भूत आलं. विदुलाबाईंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या पहिल्या रांगेकडे बघत होत्या. तिथे बाबांनी पुसायला चष्मा काढला, आणि बाई किंचाळल्या, "बाबा, नका ना! पुढच्या वेळी नक्की पहिला नंबर आणते!" सोफ्यामागे लपून त्या थरथरत राहिल्या. सगळं नाट्यगृह शहारलं. बाबांचा चष्मा हातातच राहिला.

पडदा पडल्यावर एक तंत्रज्ञ ती पट्टी घेऊन केतकीपाशी आला. "घ्या, तुमची भीती. नको असेल तर आम्ही ठेवतो. आज काय रंगली!"

बाबांनी चष्मा हळूच परत डोळ्यांवर चढवला. आई त्यांच्याकडे बघत होती.

"आई, बाबा," केतकी म्हणाली, "मला गणितात छत्तीस पडलेत. आणि ही मी परत घेणार नाहीये."