ही बाई चोर तर नाही ना?

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाई दिवसभर शिकाऊंच्या चुकांवर ब्रेक दाबायच्या. घरी तरी सुसाट पळवू, म्हणून त्यांनी चांगले पैसे मोजून गाड्यांच्या शर्यतीचा गेम विकत घेतला. तो मेला दर वेळी आधी कंपनीच्या सर्व्हरला विचारायचा, ही बाई चोर तर नाही ना? आणि सर्व्हर बंद! चुकून गेम सुरू झालाच, तर टीव्हीला जोडायच्या कन्सोलसाठी बनवलेला माल कॉम्प्युटरवर नुसता आणून आदळलेला. गाडी पहिल्या दिवशीच्या शिकाऊसारखी गचके खायची. कंपनीचं एकच पालुपद, "दोष तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे."

अशात घरफोडी झाली आणि कॉम्प्युटरच गेला. पोलिसांनी तो चोरासकट शोधून काढला. बाईंनी चौकीतच सुरू करून पाहिला. कॉम्प्युटर तोच, गेम तोच. पण काही न विचारता उघडला आणि गाडी एकही गचका न खाता पळाली.

"तुमचा गेम चालतच नव्हता बाई," चोर खाली मान घालून म्हणाला. "मी कुलूप तोडून गचके दुरुस्त केलेली फुकटची कॉपी टाकली."

"इथे सही करा, ह्याला आत टाकतो," हवालदार म्हणाले.

 

"ह्याचं राहू द्या हो. खऱ्या चोराचं नाव सांगते, ते लिहून घ्या."