चंपाषष्ठीचा घास

२०२२ सालच्या चंपाषष्ठीला, कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत, शालूबाईंनी आपल्या टिप्याला आतल्या खोलीत कोंडलं आणि स्वतः उंबऱ्यात बसल्या.

त्या बोळात पाळलेला कुत्रा तो एकटाच. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की बायका कुत्र्याचा घास घेऊन त्याच्याकडेच यायच्या. आदल्या वर्षी त्यानं नऊ घरचं भरीत खाल्लं आणि चौथ्या दिवशी त्याची लघवी लाल झाली, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या. जनावरांची डॉक्टरकी शिकणाऱ्या नातीनं, संयोगितानं, धावपळ करून कसाबसा वाचवला. भरितातला कांदा-लसूण कच्चा असो की शिजलेला, कुत्र्याचं रक्त नासवतो, हे तिनं तेव्हाच सांगितलं होतं. यंदा आठवणीनं फोनही केला.

शालूबाईंनी आठ जणींना परत पाठवलं. कुणी नाक मुरडलं, कुणी म्हणालं, नात शिकली न् देव बुडवला. शेवटी काठी टेकत बाळाबाई आल्या. ऐंशीच्या पुढचं वय, पदराखाली ताट, आणि सकाळपासून पोटात पाणी नाही. कुत्र्यानं घास घेतल्याशिवाय त्या जेवत नसत.

शालूबाईंनी त्यांनाही सगळं समजावलं.

"शाले, माज्या सासूच्या सासूपास्नं घालतोय. एक कुत्रं मेलं न्हाय."

"मेलं आसंल, आक्का. कोण बघाय गेलतं? चार दिसांनी मरतंय ते."

बाळाबाई आजवर घास घातलेली कुत्री बोटांवर मोजू लागल्या. मग बारीक आवाजात म्हणाल्या, "आता म्या जेवायचं कसं?"

आत टिप्या दार खरवडत होता.

लहानपणी जेजुरीला शालूबाईंनी वाघे पाहिले होते, देवाचे कुत्रे होऊन भुंकणारे, जमिनीवरचं खाणारे. त्यांनी दोन्ही हात उंबऱ्यावर टेकले आणि मान पुढं केली.

"घाला आक्का. आज देवाचं कुत्रं म्याच हाय."

बाळाबाईंनी घास उचलला, पण दिला नाही.

"भुक की मग."

शालूबाई भुंकल्या. आतून टिप्यानं उत्तर दिलं. म्हाताऱ्या दोघी हसता हसता रडल्या, आणि घास तोंडात गेला.

बाळाबाई पुढच्याच पावसाळ्यात गेल्या. टिप्या आणखी दोन वर्षं जगला, म्हातारा होऊन झोपेतच गेला. संयोगिता मलकापूरकडे गुरांच्या दवाखान्यात आहे. शालूबाईंच्या घरात आता कुत्रा नाही. तरी चंपाषष्ठीला दुपारी बोळातल्या बायका ताटं घेऊन त्यांच्याच दारात येतात.