मुठीतली बाटली

गव्हाण गावात देवेशच्या घरी ताटं वाढली होती आणि टीव्हीवर पुन्हा आभा सिस्टरवरून वाद रंगला होता. इन्सुलिनचा जादा डोस देऊन पेशंट मारल्याबद्दल तिला जन्मठेप झाली होती. मेलेल्यांत देवेशचे वडीलही होते. "कॅमेऱ्यात दिसतंय ना, बाटली मुठीत लपवून बाबांच्या खाटेकडे चाललीय," देवेश म्हणाला. "आणखी काय पुरावा हवा?" "हॉस्पिटलनं आपली चूक तिच्या माथी मारली असेल," त्याची बायको म्हणाली. "निम्मं पनवेल हेच बोलतंय." देवेशची आई, वेणू, उठली. जेवणाआधी तिलाही इन्सुलिन टोचून घ्यावं लागे. तिनं फ्रिजमधून बाटली काढली, मुठीत घट्ट धरली आणि तशीच बसून राहिली. "आई, घ्या ना टोचून. भात निवतोय," सून म्हणाली. "औषध गार असलं की झोंबतं. जरा हातात धरून ऊब द्यायची. देवेशच्या बाबांना लय झोंबायचं, म्हनून ती सिस्टर बाटली मुठीत घेऊनच यायची. तिनंच शिकवलंय मला." देवेशनं टीव्हीचा आवाज बंद केला. पडद्यावर तीच मूठ पुन्हा पुन्हा दाखवत होते. "मग तू साक्षीला गेलीस तेव्हा कोर्टात हे का नाही सांगितलंस?" "वकिलानं विचारलं, बाटली मुठीत व्हती का? मी हो बोलली." वेणूनं मूठ उघडून बाटली गालाला लावून पाहिली, अजून गारच होती. "कशाला व्हती, ते कुनी विचारलंच नाय."